मूळ प्रत आणि शंभर घोडे

गाडी बदलणे आणि गाडीत बदल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बहुधा पैशांचाच प्रश्न असतो. दुसरीत पैशांच्या पलीकडे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि मराठीच्या अध्यापकांना तो अपरिचित असण्याचे कारण नाही. दुसऱ्याने पूर्ण करून हातावेगळ्या केलेल्या कृतीत हात घालण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोहोचतो? पोथ्यांच्या संदर्भात हा प्रश्न आम्ही दोघांनी वर्गात अनेकदा मांडला आहे. गेल्या काही काळात तो एका मोटारीच्या निमित्ताने आमच्याच दारात येऊन उभा राहिला. घरात त्यावर मतभेद झाले, थोडी वादावादीही झाली. त्यातून जे हाती लागले ते मोटारीपुरते नाही असे वाटले, म्हणून हे टिपण.

मोटार म्हणजे फियाट पॅलिओ, १.६ लिटर इंजिनाची, २००३ सालची. ज्यांना मोटारींत गम्य नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर कधी रुजल्याच नाहीत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध फोर्ड मस्टँग आपल्याकडे अधिकृतपणे विक्रीस आली ती २०१६ मध्ये, साठ लाखांहून अधिक किंमत घेऊन. मध्यमवर्गाच्या आवाक्यातले बळ वेगळ्या मापाचे होते. मारुती ८०० ची ताकद साधारण ३७ अश्वशक्ती, प्रीमियर पद्मिनीची चाळिसाच्या आसपास. अशा काळात, २००१ मध्ये, पॅलिओ आली. दिसायला आटोपशीर, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीत सोळा झडपांचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, आणि त्याच्या नावाची एक मर्यादित आवृत्तीही निघाली. गाडीवेड्या तरुणांनी या गाडीला जो जीव लावला तो आजही आटलेला नाही. आपल्याकडची 'मसल कार' म्हणायचे तर ती या लहानखुऱ्या जातीची.

अंधेरीकरांना तिच्याविषयी आणखी एक आपुलकी असायला हरकत नाही. ही गाडी कुर्ल्याला जन्मली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना प्रथम डॉज आणि प्लिमथ जोडत असे. पुढे तिथेच फियाट ११०० आणि तिचीच वारसदार पद्मिनी तयार झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तिचे रूप मिळाले. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयोमर्यादा संपल्यामुळे, रस्त्यावरून कायमची उतरली. त्याच कुर्ल्यातून नव्या शतकाच्या आरंभी पॅलिओ बाहेर पडू लागली. पुढे उत्पादन रांजणगावला गेले, आणि कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आता इमारती आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्याने जाताना आमची गाडी एका अर्थी माहेरच्या वाटेवर असते. फक्त माहेर उरलेले नाही.

नावाचाही इतिहास मनोरंजक आहे. इटलीतल्या सिएना शहरात दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या मुख्य चौकात घोड्यांची शर्यत होते. तिचे नाव पॅलिओ. विजेत्या मोहल्ल्याला जो पट मिळतो, मूळ 'पॅलिओ' तोच. या शर्यतीचा एक नियम आम्हांला विचार करायला लावणारा वाटला. कोणत्या मोहल्ल्याला कोणता घोडा मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. घोडा निवडता येत नाही. नशिबी येईल तो घोडा घ्यायचा, त्याची निगा राखायची, आणि त्याच्यावर खोगिराशिवाय बसून पळायचे.

आमच्याही वाट्याला ही गाडी अशीच आली. अण्णा, म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, कुर्ल्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांची हयात पद्मिनीची दारे नीट लागतात की नाही हे पाहण्यात गेली. पॅलिओ यायच्या आधीच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. २००९ मध्ये त्यांनी ही सहा वर्षे वापरलेली गाडी विकत घेतली तेव्हा घरात सर्वांनी त्यांना वेड्यात काढले. अंधेरीच्या रहदारीत लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाणारी गाडी निवृत्त माणसाने कशाला घ्यावी? अण्णांचे उत्तर एकच असे. "आपल्या कारखान्यातली आहे." २०२२ मध्ये अण्णा गेले. गाडी आमच्या नावावर झाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २०२३ मध्ये ते आम्ही अंधेरीच्या परिवहन कार्यालयात केले. त्यासाठीचे शुल्क २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. शिवाय पर्यावरण कर. म्हणजे २०२८ पर्यंत ती आमच्याकडे आहे, आणि या मुदतीत तिचे काय करायचे हा प्रश्नही.

सल्ले दोन दिशांनी आले, आणि गंमत म्हणजे एकाच घरातून. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने एक यादीच करून आणली : मोकळ्या श्वासाचा एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, इंजिनाच्या संगणकाची नवी आज्ञावली (याला ही मुले 'रीमॅप' म्हणतात), आखूड स्प्रिंगा, रुंद टायर. "मावशी, एवढं इंजिन आहे आणि तुम्ही तिला भाजी आणायला नेता! आजोबांनी कधी तिला मोकळं सोडलंच नाही." त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या साडूंनी, नेमका उलटा सल्ला दिला. "सीएनजी बसवून टाका. पेट्रोलवर किती जाळणार?" मुलाला घोडे वाढवायचे होते, बापाला घटवायचे होते. गाडी आहे तशीच राहू द्यावी असे दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हते.

आमच्यातही एकमत नव्हते, आणि वाचकांचा अंदाज असेल त्याच्या उलटी विभागणी होती. जिच्या वडिलांची गाडी, तिचाच कल बदलाकडे होता. वडिलांची वस्तू म्हणून ती देव्हाऱ्यात ठेवायची तिची तयारी नव्हती. वापरात नसलेली आठवण ही आठवण नसून अडगळ असते, असे तिचे म्हणणे. जावयाचा पक्ष मूळ प्रत राखण्याचा होता. कदाचित सासऱ्याच्या वस्तूला हात लावताना जावयाला अधिक संकोच वाटत असावा. कदाचित मध्ययुगीन वाङ्मय शिकवण्याचा तो परिणाम असेल.

प्रथम भाच्याच्या यादीकडे गांभीर्याने पाहायचे ठरवले. तिच्यामागचे शास्त्र समजून घेतले तेव्हा काही गोष्टी स्पष्ट झाल्या. इंजिन म्हणजे हवा आत घेणारे आणि बाहेर टाकणारे यंत्र. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त बळ. परंतु बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनाच्या भोवतालची तापलेली हवाच ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. आवाज वाढतो, बळ वाढेलच असे नाही. एक्झॉस्टची नळी फार रुंद केली तर इंजिन वेगात फिरताना मोकळे वाटते, पण सिग्नलवरून निघताना लागणारा खालचा जोर उणावतो. रीमॅपचे मोठे लाभ टर्बो असलेल्या इंजिनांना होतात, कारण तिथे हवेचा दाबच वाढवता येतो. पॅलिओच्या इंजिनाला टर्बो नाही, ते आपल्या नैसर्गिक श्वासावर चालते. त्याला नवी आज्ञावली देऊन मिळणारी वाढ थोडीच असते. आखूड स्प्रिंगांनी गाडी जमिनीलगत बसते, वळणावर झुकत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते.

ओशिवऱ्याच्या ज्या गॅरेजमध्ये अण्णा गाडी नेत त्या मिस्त्रींना यादी दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, "सर, यात ब्रेक कुठे आहेत?" त्यांचा मुद्दा बिनतोड होता. बळ वाढवले तर थांबण्याची ताकद वाढवायला हवी. ब्रेक वाढवले तर टायर तसे हवेत. टायर रुंद केले तर स्टीअरिंग जड होते आणि चाकांच्या बेअरिंगवर भार येतो. क्लचलाही नवा जोर पेलायला हवा. एक भाग बदलला की त्याचा शेजारी बदलावा लागतो, मग त्याचा शेजारी. यादीत पाच कलमे होती. ती खरोखर अमलात आणायची तर पंधरा होत होती, आणि खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या पलीकडे जात होता.

शेजाऱ्याचा विचार न करता केलेला बदल कसा दिसतो याचा धडा अंधेरीकरांना पुस्तकातून घ्यावा लागत नाही. रेल्वेवरचा गोखले पूल जीर्ण झाल्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पाडून नव्याने बांधला गेला. रेल्वेच्या नियमांप्रमाणे नवा पूल अधिक उंच हवा होता, तसा तो झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा लोकांच्या लक्षात आले की त्याला जोडणारा बर्फीवाला उड्डाणपूल कित्येक फूट खालीच राहिला आहे. नव्या पुलात दोष नव्हता, जुन्यातही नव्हता. दोघांच्या मध्ये मात्र वाहन जाऊ शकत नव्हते. पुढे जॅक लावून जुन्या उड्डाणपुलाचे टोक उचलावे लागले, आणि जुलै २०२४ मध्ये सांधा जुळला. पूर्व-पश्चिम ये-जा करणाऱ्या आम्हां सर्वांना त्या अधांतरी टोकाने सुधारणेविषयी जे शिकवले ते कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नसते. कृतीचे भाग एकमेकांच्या उंचीला बांधलेले असतात.

आता कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. या कलमाला हे कडक रूप २००० सालच्या दुरुस्तीने आले. केरळ उच्च न्यायालयाने त्याचा सैल अर्थ लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये अमान्य केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षाही ठरवून दिली. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या मुळावर येऊ शकतो. कायद्याचा हेतू समजण्यासारखा आहे. गाडीचे प्रत्येक प्रारूप चाचणीसंस्थेकडून तपासून मान्य झालेले असते. ती मान्यता त्या रूपापुरतीच असते.

पण याच कलमात सीएनजीला वाट आहे. मान्यताप्राप्त किट बसवून, परवानगी घेऊन, नोंदणीपत्रावर इंधनाचा बदल नोंदवता येतो. साडूंचा सल्ला म्हणूनच व्यवहारी होता. मुंबईत सीएनजी ही सभ्य, काटकसरी, अनेकांनी स्वीकारलेली सुधारणा आहे. परंतु तीही सुधारणाच. डिकीत टाकी बसते आणि सामानाची जागा जाते. वायू हवेची जागा व्यापत असल्याने इंजिनाचे बळ साधारण दहा टक्क्यांनी उतरते. मुलाच्या बदलाला आपण लगेच 'छेडछाड' म्हणतो, बापाच्या बदलाला 'शहाणपण' म्हणतो. मूळ कृतीच्या दृष्टीने दोन्ही हस्तक्षेपच आहेत. एकाला कायद्याची आणि शेजारपाजारची मान्यता आहे, एवढाच फरक. शालेय पाठ्यपुस्तकात कथेचा संक्षेप करताना आपण तिच्यातली निम्मी वाक्ये उडवतो, आणि त्याला कुणी प्रक्षेप म्हणत नाही, हे आम्हांला त्या वेळी आठवले.

इथे पोथ्यांकडे वळणे अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची. तीनशे वर्षांच्या नकलांत तिच्या पाठात अशुद्धे शिरली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली, आणि शेवटी बजावले की यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये. या प्रसंगाचा अर्थ आपण बहुधा 'मूळ पवित्र असते' असा लावतो. तो पुरेसा नाही. एकनाथांनी हात घातलाच होता. त्यांनी नाकारला तो बदल नव्हता, स्वतःची ओवी होती. झिजेमुळे आणि हलगर्जीमुळे जे बिघडले ते जागेवर आणणे हे एक काम. कवीला जे सुचले नाही ते आपल्याला सुचले म्हणून त्याच्या नावावर लिहून टाकणे हे दुसरे. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व असल्याचे सांगत एका जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिचे वाङ्मयीन आणि भाषिक मोल अभ्यासकांना ठाऊक आहे. पण वारकऱ्यांच्या पारायणात राहिली ती एकनाथांची परंपरा. म्हणजे लोक ज्याला 'मूळ' म्हणून जिवाशी धरतात ते पुष्कळदा कुणाचे तरी काळजीपूर्वक केलेले संपादन असते.

मोटारीचेही तसेच आहे. कारखान्यातून निघालेल्या रूपाला मुले 'स्टॉक' म्हणतात, आणि त्या शब्दाला एक कोवळे पावित्र्य चिकटलेले असते. पण पॅलिओ मुळात ब्राझीलमध्ये १९९६ साली अवतरली, अनेक देशांत खपावी म्हणून आखलेली. कुर्ल्यात आली ती इथल्या इंधनाला, रस्त्यांना, करांना आणि ग्राहकाच्या खिशाला जुळवून. 'मूळ' रूप हीच मुळी तडजोडींची एक आवृत्ती होती.

शिवाय जग स्थिर राहात नाही. आमची गाडी तयार झाली तेव्हाच्या पेट्रोलात इथेनॉल नव्हते किंवा नाममात्र होते. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि जुन्या रबरी नळ्या व सील त्याने लवकर खराब होऊ शकतात. म्हणजे आम्ही काहीही केले नाही तरी गाडी मूळ राहणार नव्हती. तिच्यात रोज ओतले जाणारे द्रवच बदललेले होते. जावयाच्या पक्षाला, म्हणजे 'जैसे थे' वाद्याला, हा मोठा धक्का होता. मग त्यालाच एक दाखला सुचला. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीची पुस्तके नव्या आवृत्त्यांत अनुस्वार गाळून छापली गेली. विद्यार्थी ती अडखळल्याशिवाय वाचतात, आणि कुणी त्याला लेखकाचा अवमान मानत नाही. अनुस्वारासह छापलेली जुनी प्रत ग्रंथालयात राहते. वाचकाच्या हाती मात्र त्याच्या काळाला पचेल असा पाठ द्यावा लागतो. मूळ जपायचे असेल तर काही बदलावेच लागते. प्रश्न फक्त कशासाठी, हा उरतो.

या टप्प्यावर अण्णांची वही सापडली. हिरव्या पुठ्ठ्याची, तपासणी विभागातल्या शिस्तीने लिहिलेली. तारीख, किलोमीटर, काम, कारण असे चार रकाने. तेल बदलले, पट्टा बदलला, प्लग साफ केले. आणि २०११ च्या पावसाळ्यानंतरच्या एका नोंदीत : पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलून थोड्या कडक बसवल्या. कारण : गल्लीतला नवा गतिरोधक. पुढे एक ओळ : मूळ स्प्रिंगा माळ्यावर, जोडीने, तेल लावून.

माळ्यावर चढून पाहिले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या दोन स्प्रिंगा तिथे होत्या. तेल वाळून पिवळे झाले होते, पण गंज नव्हता.

भाचा ज्या गाडीला अभिमानाने 'प्युअर स्टॉक' म्हणत होता, जिच्या मूळपणासाठी आमच्यातला एक जण महिनाभर भांडत होता, ती मूळ नव्हतीच. ज्या माणसाने आयुष्यभर मूळ मापापासून केसभर ढळलेला भाग परत पाठवला, त्यानेच ती बदलली होती. पण कसे? कारण लिहिले. तारीख लिहिली. काढलेला भाग टाकून दिला नाही. पुढच्याला हवा असेल तर परत बसवता येईल अशा स्थितीत जपला. आणि बदल केला तो गाडी त्या गल्लीत नीट चालावी म्हणून. आपली गाडी इतरांहून वेगळी दिसावी म्हणून नव्हे. पाठचिकित्सेच्या वर्गात आम्ही जे तीन तास शिकवतो ते त्या चार रकान्यांत होते : पाठभेद नोंदवा, कारण द्या, मूळ पाठ तळटीपेत राखा.

वहीने वाद संपवला असे नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. 'बदलावे की न बदलावे' हा प्रश्न मागे पडला. प्रत्येक कलमापुढे आम्ही तीन प्रश्न लिहिले. हा बदल झिजेवरचा उपाय आहे की आपली ओवी? तो परत फिरवता येईल का? तो उघडपणे नोंदवता येईल का? भाच्याच्या यादीतला रीमॅप तिसऱ्या प्रश्नावर अडला. नोंदणीपत्रात घनक्षमता असते, आज्ञावली नसते. म्हणून तो कुणाला दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. जे दिसत नाही म्हणूनच करावेसे वाटते ते संपादन नव्हे, असे आम्ही त्याला सांगितले. एक्झॉस्ट पहिल्याच प्रश्नावर गळाला. सीएनजी दुसऱ्यावर. कायद्याने तो परत फिरवता येतो, पण डिकीत पाडलेली भोके राहतात. साडूंना ते पटलेले नाही, आणि पेट्रोलचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे हे आम्हांला मान्य आहे.

जे केले ते असे. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घातले. ब्रेकच्या नळ्या, डिस्क, सस्पेन्शनचे झिजलेले बुश बदलले. टायर मूळ मापाचेच, पण आजच्या दर्जाचे. अण्णांच्या कडक स्प्रिंगा तशाच ठेवल्या. इथे आमचे एकमत व्हायला वेळ लागला. मूळ स्प्रिंगा उपलब्ध असताना त्या का बसवू नयेत? शेवटी मुलीचे म्हणणे टिकले. ही गाडी आमच्यापर्यंत आली ती अण्णांच्या पाठाने. गतिरोधक अजून जागेवर आहे. मूळ जोडी पुन्हा तेल लावून माळ्यावर ठेवली.

एक गोष्ट अजून राहिली होती. शंभर घोडे अपुरे पडतात की नाही हे कुणी तपासलेच नव्हते. अण्णा जपून चालवत, आम्ही त्याहून जपून. स्वामी विवेकानंद रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ क्वचितच येते. हे इंजिन फेऱ्यांचे आहे. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली ते शांत, थोडे आळशीच वाटते. त्याच्या वर गेल्यावर त्याचा स्वर बदलतो. एका रविवारी पहाटे भाच्याला घेऊन द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत गेलो. सपाटीवर मोटारींना ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ पाहून तो गप्प झाला. आम्हीही. इतकी वर्षे घरात असलेल्या पुस्तकाची पहिली पंचवीस पानेच वाचून आपण त्याला परिशिष्ट जोडायला निघालो होतो, असे परतताना आमच्यापैकी एकाने म्हटले. वर्गात हे दर वर्षी दिसते. कादंबरी वाचण्याआधी तिच्यात काय हवे होते हे सांगणारे निबंध आम्ही तपासतो. कृतीची मर्यादा दाखवण्याचा अधिकार वाचकाला जरूर आहे. पण त्या मर्यादेपर्यंत एकदा जाऊन आल्यावर.

भाच्याचे मत पूर्णपणे बदललेले नाही, आणि ते बदलावे असा आमचा आग्रहही नाही. २०२८ मध्ये नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण होईल तेव्हा तो नोकरीला लागलेला असेल, आणि गाडी त्याच्याकडे जावी असे आम्ही ठरवले आहे. त्याने स्पष्टच सांगितले, "मावशी, माझ्याकडे आली की मी एक्झॉस्ट बदलणार. कायद्यात बसेल तेवढाच, पण बदलणार." आम्ही हरकत घेतली नाही. तेव्हा ती त्याची गाडी असेल, आणि त्याची गल्ली वेगळी असेल. एवढेच सांगितले की वही गाडीबरोबर जाईल, कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि जुना सायलेन्सर भंगारात द्यायचा नाही. तो म्हणाला, "माळ्यावर जागा करा मग." सध्या त्या जागेवर आमच्या दोघांच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. ते हलवायला सुरुवात केली आहे.